कानळाची राई आणि निहाली

सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात, बांबर्डे गावी, कानळाची राई आहे. पायाखाली बारमाही पाण्याचा चिखल, आणि त्यातून गुडघा मुडपल्यासारखी वर येऊन पुन्हा खाली शिरलेली मुळं. चिखलात प्राणवायू अगदी कमी, म्हणून ही मुळं पाण्याबाहेर येऊन हवा घेतात. झाडं जायफळाच्या कुळातली. अशा दलदलीची जंगलं केरळच्या कुळतुपुळ्यात आहेत, उत्तर कन्नडात आहेत, गोव्यात सत्तरीच्या निरंकाराच्या राईत आहेत. मधली बरीचशी गेली. डोंगरांमधली सपाट, पाणथळ जमीन भाताला आणि पोफळीला हवीच होती! बांबर्ड्याची राई देवाची, म्हणून तिला कुऱ्हाड लागली नाही. आता ती जैवविविधता वारसा स्थळ आहे. क्षेत्र अवघं २.५९ हेक्टर.

तुटक ठिपक्यांवरून जुना विस्तार ताडता येतो, कारण या झाडांचं बी जड असतं आणि वाळलं की मरतं. ते वाऱ्यावर दूरवर जात नाही, धनेशासारखे पक्षी नेतील तेवढंच.

भाषेच्या बाबतीत हे ताडणं फार अवघड. बुलढाण्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी जळगाव जामोद तालुक्यात, जेमतेम दोन-अडीच हजार लोक निहाली बोलतात. शेजार कोरकूचा आणि मराठीचा. डच अभ्यासक कायपर यांनी १९६२ साली तिचे शब्द वेगवेगळे काढून पाहिले. पुष्कळ कोरकूतून आलेले निघाले. इरार, मोठो, नालो हे दोन, तीन, चारचे आकडे द्राविडी, तर पाचापासून पुढचे आर्य भाषांमधले. एवढं सगळं बाजूला काढूनही सुमारे पाव हिस्सा शब्द उरले, ज्यांचं नातं कुठेच लागेना. डोळ्याला ‘जिकी’, पाण्याला ‘जोप्पो’. आकडे बाजारात बदलले असावेत; डोळा आणि पाणी घरातच राहिले. निहालीला सख्ख्या भाषा होत्या का, असल्यास त्या कुठवर बोलल्या जात, हे सांगायला आज एकही नातलग उरलेला नाही. म्हणून मला ही भाषा त्या राईपेक्षाही एकाकी वाटते.

राईचा झरा वरच्या अंगाला वळवला, तर झाडं न तोडताही ती मरेल. या झाडांचं बी वाळवून बीजपेढीत साठवताही येत नाही, त्यामुळे रोपं ताज्या बियांचीच करावी लागतात. निहालीचंही तसंच आहे: ध्वनिमुद्रणं हवीतच, पण पोरं घरात ती बोलली तरच ती टिकेल. सरकारी जनगणनेत मात्र दहा हजारांहून कमी भाषकांच्या भाषांची नावं छापतच नाहीत; त्या सगळ्या ‘इतर’मध्ये जातात. निहालीही तिथेच आहे. हा नियम आधी बदलायला हवा.