जाऊ द्या त्यांना डोंगरावर!

मैत्रिणींनो, आम्हा कोल्हापूरच्या बायकांना गांधीनगर म्हटलं की आठवतं ते कापड! लग्नसराईत तिथं गेलं नाही असं घर विरळाच. पण याच जागी, वळिवड्याला, 1943 ते 1948 या काळात पोलंडच्या सुमारे पाच हजार निर्वासितांची छावणी होती, हे किती जणींना ठाऊक आहे?

त्यांत बहुतेक बायका आणि मुलंच. 1940-41 मध्ये सोव्हिएत सत्तेनं त्यांना राहत्या घरांतून उठवून सैबेरिया, कझाकस्तानात नेलं. उपासमारीनं, आजारानं कित्येकांची माणसं गेली. 1942 मध्ये ही मंडळी इराणला पोचली आणि तिथून इकडे आली. कर्ते पुरुष बरेचसे लढाईवर. त्यामुळे घर सांभाळायची आईच आणि शाळेत शिकवणाऱ्याही बहुतेक बायकाच.

शाळा, चर्च, दवाखाना यांबरोबर छावणीत बालवीर आणि वीरबालांची पथकंही उभी राहिली. पोलंडमध्ये ही चळवळ 1910 च्या सुमारास सुरू झाली, तेव्हा तो देश तीन परक्या सत्तांनी वाटून घेतला होता. म्हणून गाठी मारणं, तंबू ठोकणं याबरोबरच आपली भाषा, आपली गाणी जपणं हेही तिच्यात आलं. एकमेकांना भेटलं की म्हणायचं, ‘चुवाय!’ म्हणजे जागरूक राहा. ही मुलं आपल्या पन्हाळ्यावरही जात, रात्री शेकोटीभोवती गात.

त्या आयांचा जीव कसा झाला असेल हो? एवढ्या हालांतून वाचलेली लेकरं, त्यांनाच पाठीवर पिशवी देऊन डोंगरात धाडायचं! पण आधीचा प्रवास जबरदस्तीचा होता. हा हौसेचा, आणि परत आईजवळच यायचा.

हे सांगायचं कारण, माझी धाकटी. शाळेच्या गाईड पथकाबरोबर दोन दिवस पन्हाळ्याला जायचं म्हणाली, तर मी साफ ‘नाही’ म्हटलं. साप, पाऊस, दरी, माझी कारणं एक ना दोन! त्याच आठवड्यात वर्गात शिकवण्यासाठी म्हणून वळिवड्याची माहिती वाचली आणि मलाच ओशाळं वाटलं. घरी येऊन मुकाट्यानं तिची पिशवी भरायला घेतली.

तुमच्याही मुलीनं विचारलं, तर लगेच नकार देऊ नका. बरोबर मोठी माणसं किती, मुक्काम कुठे, पिण्याचं पाणी कुठलं, औषधांची पेटी आहे ना, एवढं बाईंना जरूर विचारा. नवेकोरे बूट मात्र देऊ नका, पाय सोलतात. भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि गुळाचा खडा पुरे. आणि पिशवी तिची तिलाच भरू द्या. मी भरली, तर टॉर्च कुठे ठेवलाय ते तिला रात्री सापडेना!

लेक परतली ती गुडघा खरचटून, घसा बसवून. जेवण झाल्यावर न सांगता आपलं ताट घासलं तिनं. मी काही बोलले नाही. मनात मात्र वळिवड्याच्या त्या अनोळखी आयांना हात जोडले.