फिटलेलं कर्ज जूनमध्ये पुन्हा उगवतं

कमाई कधी आणि किती येईल याचा नेम नाही. हप्त्याची तारीख मात्र ठरलेली. या ओढाताणीतून घर बाहेर कसं काढायचं, याचा दिंद्रुडच्या वहीतून मांडलेला हिशेब.

बीडहून परळीकडे जाताना तेलगाव मागे पडलं की सिरसाळ्याच्या अलीकडे दिंद्रुड लागतं. माजलगाव तालुक्यातलं हे गाव. तेलगावला सहकारी साखर कारखाना आहे, माजलगाव धरणाच्या पाण्यावरचा ऊस आहे. तरी दसरा झाला की या पट्ट्यातले ट्रॅक्टर पश्चिम महाराष्ट्राची आणि कर्नाटकाची वाट धरतात. ट्रॉलीत भांडी, अंथरुणं, धान्याची पोती, शेळ्या आणि लेकरं. सोबत जाते मुकादमाच्या वहीतली एक ओळ : अमक्या कोयत्यावर इतकी उचल. कोयता म्हणजे इथे हत्यार नव्हे, नवरा-बायकोची जोडी. आणि उचल म्हणजे अजून न केलेल्या कामाचे आधीच घेतलेले पैसे.

कर्जाविषयीचे बहुतेक सल्ले पगारदारासाठी लिहिलेले असतात. एक तारखेला पगार, पाच तारखेला हप्ता, उरलेल्यात घर. पण ज्याचं वर्षच बारा सारख्या तुकड्यांचं नाही, त्यानं काय करायचं? हा प्रश्न एकट्या ऊसतोडीचा नाही. लग्नाचं शूटिंग करणारा, मंडपवाला, बँडवाला, हार्वेस्टरवरचा ड्रायव्हर, पुण्यात कामागणिक पैसे घेणारा भाषांतरकार किंवा डिझायनर, सगळ्यांची गत तीच. काम असतं तेव्हा ढीगभर, नसतं तेव्हा अजिबात नाही. फरक इतकाच, की दिंद्रुडच्या माणसाला ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. म्हणून धडाही इथूनच घेऊ.

उचल फिटते का?

जानेवारी २०२४ मध्ये पुण्याच्या साखर संकुलातल्या बैठकीत ऊसतोडीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली. तोडणीचा दर टनामागे साधारण ३६६ रुपयांवर आला. एका कोयत्यानं दिवसाला दोन टन ऊस तोडला, तर ७३२ रुपये. १२० दिवस एकही खाडा न करता काम झालं, तर ८७,८४० रुपये. आता समजा, उचल एक लाखाची आहे. म्हणजे चार महिने पहाटेपासून राबून, हंगामाचा पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचं गाळप बंद झालं, तेव्हा हाती पैसे नाहीत. उलट १२ हजारांवर बाकी आहे. १५० दिवस मिळाले तर १,०९,८०० होतात आणि नऊ-दहा हजार सुटतात. हे दोन टनांचं झालं. दीड टनच तोड होणाऱ्या जोडीचं गणित तर १५० दिवसांतही जुळत नाही.

शिवाय हे दिवस आपल्या हातात नसतात. २०२३-२४ च्या हंगामात राज्यात सुमारे ११० लाख टन साखर झाली. पुढच्याच हंगामात गाळप १५ नोव्हेंबरला सुरू झालं आणि उत्पादन ८० लाख टनांच्या आसपास थांबलं. ऊस कमी म्हणजे दिवस कमी, आणि दिवस कमी म्हणजे बाकी जास्त. मधल्या काळात बाजारहाट चालतो तो वाढे विकून. म्हणजे उसाची हिरवी शेंडी गुरांच्या वैरणीला विकून.

उचलीवर कागदावर व्याज नसतं, म्हणून ती स्वस्त वाटते. पण तिची किंमत दुसरीकडून वसूल होते. आजारपणात दिवस बुडाला तर खाड्याचा दंड, आणि बाकी राहिली तर पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे, त्याच्याच शब्दाला. खाड्याच्या या भीतीचं टोक बीड जिल्ह्यानं पाहिलं आहे. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. पाळीमुळे खाडा नको म्हणून केलेल्या ऑपरेशनचं बिलही पुन्हा उसनवारीतूनच भरलं जातं. उचलीच्या बदल्यात माणसाला बळजबरीनं कामावर डांबून ठेवता येत नाही. १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा तसं कर्जच रद्द ठरवतो. हे माहीत असलेलं बरं.

शेकडा म्हणजे नक्की किती?

गावात व्याज वर्षावर बोललं जात नाही, शेकड्यावर बोललं जातं. शेकडा तीन म्हणजे शंभराला महिन्याला तीन रुपये. वर्षाला ३६ टक्के. शेकडा पाच म्हणजे ६० टक्के. पन्नास हजार रुपये शेकडा तीननं वर्षभर ठेवले, तर १८ हजार नुसतं व्याज जातं आणि मुद्दल तिथंच उभं राहतं. ‘तीन’ हा आकडा ऐकायला लहान आहे, आणि म्हणूनच तो फसवतो.

दुसरी फसगत सरसकट व्याजाची. चाळीस हजारांचं कर्ज, दोन वर्षं, व्याज २४ टक्के. हे व्याज घटत्या शिलकीवर असेल, तर महिन्याचा हप्ता साधारण २,११५ रुपये येतो आणि एकूण व्याज पावणेअकरा हजार होतं. तेच २४ टक्के मूळ रकमेवर सरसकट लावले, तर हप्ता २,४६७ आणि व्याज १९,२०० रुपये. सरसकट चोवीस म्हणजे घटत्या शिलकीवर जवळजवळ एकेचाळीस टक्के. म्हणून कर्ज देणाऱ्याला ‘व्याज किती’ एवढंच विचारू नये. ‘हातात किती देणार आणि सगळं मिळून परत किती घेणार’ हे दोन आकडे विचारावेत आणि लिहून घ्यावेत.

हप्त्याचं घड्याळ

शेतकऱ्याची कमाई पिकाबरोबर येते, हे बँकेला मान्य आहे. म्हणून पीक कर्जाला मासिक हप्ता नसतो; ते हंगामाच्या शेवटी एकदम भरायचं असतं. वेळेत भरलं, तर केंद्राच्या सवलतीनं सात टक्क्यांचं व्याज चारवर येतं आणि राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे तीन लाखांपर्यंत ते शून्यावर आणलेलं आहे. पण त्याच घरातली बाई गटाचं मायक्रोफायनान्सचं कर्ज घेते, तेव्हा हप्ता आठवड्याचा, पंधरवड्याचा किंवा महिन्याचा. जुलैतही तेवढाच आणि फेब्रुवारीतही तेवढाच.

रिझर्व्ह बँकेची १ एप्रिल २०२२ पासूनची नियमावली इथे कामाची आहे. वर्षाला तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला असं कर्ज विनातारण मिळतं, आणि घरातल्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त होता कामा नयेत. मात्र वर्षाचं उत्पन्न बारानं भागून हा हिशेब केला, की कागद एक सांगतो आणि घरातला पैशांचा डबा दुसरंच. १,८०,००० रुपये कमावणारं घर कागदावर महिन्याला पंधरा हजारांचं दिसतं; साडेसात हजारांचा हप्ता त्यात बसतो. ऑगस्टमध्ये हाती चारच हजार आलेले असतात, ते तिथे कुठेच दिसत नाही.

याच नियमावलीत एक ओळ अशी आहे, की हप्ता किती अंतरानं भरायचा हे कर्जदाराच्या गरजेनुसार लवचिक ठेवण्याचं धोरण प्रत्येक संस्थेनं करायचं आहे. ही ओळ कुणी वाचून दाखवत नाही. आपणच विचारायची : ‘हप्ता हंगामात मोठा आणि पावसाळ्यात लहान करून मिळेल का?’ आणि हे विचारायचं सही करण्याआधी, हप्ता थकल्यावर नाही. याच नियमांनुसार मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. उशिराचं शुल्क फक्त थकलेल्या रकमेवर. वसुलीला सकाळी नऊच्या आधी आणि संध्याकाळी सहानंतर यायचं नाही. तक्रार आधी संस्थेकडे लेखी द्यायची. तीस दिवसांत निकाल लागला नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. माहितीसाठी नंबर १४४४८.

जून राखा

आता मुख्य मुद्दा. हंगामी कमाईच्या घरात कर्ज फिटतं ते फाल्गुन-चैत्रात, आणि नवं कर्ज होतं ते जूनमध्ये. पेरणी, शाळेची फी, वह्या-पुस्तकं, पत्र्याची गळती, पहिल्या पावसातला ताप, सगळं एकदम येतं आणि त्याच महिन्यात कमाई आटलेली असते. एप्रिलमध्ये हाती आलेलं सगळं सावकाराच्या पुढ्यात ओतून मोकळं वाटलेलं घर जूनमध्ये त्याच्याच उंबऱ्यावर जातं.

आकडे मांडून पाहू. शेकडा तीनचं तीस हजारांचं कर्ज आहे आणि एप्रिलमध्ये हाती तीस हजार आहेत. सगळे भरले, तर कर्ज शून्य. पण जूनमध्ये पंधरा हजार लागलेच. गरज सगळ्यांनाच असते, म्हणून तेव्हा दर चढलेला असतो. समजा शेकडा पाच. महिन्याला व्याज ७५० रुपये. दुसरी वाट : एप्रिलमध्ये पंधराच भरा, पंधरा जूनसाठी ठेवा. जुन्या पंधरा हजारांवर एप्रिल-मे मिळून ९०० रुपये व्याज जास्त जाईल, हे खरं. पण जूनपासून ७५० ऐवजी ४५० भरावे लागतील. महिन्याला तीनशे वाचले. ऑगस्टअखेर ९०० भरून निघाले आणि ऑक्टोबरअखेर सहाशे रुपये वर राहिले.

सहाशे रुपये म्हणजे फार नव्हेत, असं कुणी म्हणेल. बरोबर आहे. जूनमध्येही शेकडा तीननंच नक्की मिळणार असेल, तर राखून ठेवण्यात तोटाच आहे. पण नक्की काहीच नसतं. दिवस वाईट असताना मिळेल त्या दरानं, मिळेल त्या अटीवर पैसे घ्यावे लागतात. दागिना जातो, नाहीतर दसऱ्याची उचल आषाढातच घेतली जाते. घरात पंधरा हजार असले, तर अट आपण ऐकत नाही. राखून ठेवलेल्या पैशाची खरी कमाई ती.

म्हणून मोठी रक्कम आली की क्रम असा असावा : आधी वर्षाचं धान्य, मग जून ते दसरा या महिन्यांचे हप्ते आणि ठरलेले खर्च, मग उरेल ते सगळ्यात महाग कर्जावर, मुद्दलात. शहरातल्या कामागणिक कमावणाऱ्यालाही हेच लागू. बरा महिना आला म्हणून बरा खर्च नाही. गेल्या वर्षातला सगळ्यात वाईट महिना घ्यायचा, त्या कमाईवर घर बसवायचं, आणि वरचे पैसे आधी राखणीला, मग कर्जाला. नवा हप्ता घेतानाही माप त्याच वाईट महिन्याचं.

आधी कुणाचं?

एका कागदावर प्रत्येक देणं लिहा : कुणाचं, किती, शेकडा किती, तारीख कोणती, गहाण काय. मग महाग ते आधी, हा नियम. अपवाद एकच. ज्या कर्जापोटी जमिनीचं खरेदीखत करून दिलेलं आहे, ते व्याज कमी दिसलं तरी वर घ्या. व्याज उद्या कमावता येतं, रान परत येत नाही.

सावकारीबाबत २०१४ चा महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा आहे. परवानाधारक सावकारानं शेतकऱ्याला तारण कर्ज ९ टक्के आणि विनातारण १२ टक्के, इतरांना १५ आणि १८ टक्के, तेही वर्षाला, एवढंच व्याज लावायचं आहे. विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. सावकारीपोटी बळकावलेल्या जमिनीसाठी पंधरा वर्षांच्या आतल्या व्यवहारात जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. महाग कर्ज स्वस्तात बदलायची सर्वांत जवळची जागा म्हणजे बचत गट. उमेद अभियानातल्या गटांना बँकेचं तीन लाखांपर्यंतचं कर्ज सात टक्क्यांनी मिळतं. गटातून घेतलेल्या पैशानं सावकार फेडला, तर फायदा. सावकारही राहिला आणि गटाचाही हप्ता सुरू झाला, तर दुप्पट ओझं.

राखलेले पैसे ठेवायचे कुठे, हेही बीड जिल्ह्याला महागात शिकावं लागलं आहे. जास्त व्याजाच्या आशेनं मल्टिस्टेट पतसंस्थांत ठेवलेल्या कितीतरी घरांच्या ठेवी अडकल्या. बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला नाही. जूनचे पैसे व्याज कमावण्यासाठी नसतात, जूनमध्ये हाती येण्यासाठी असतात. पोस्ट किंवा बँक पुरे.

जुलै २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे दीड हजार अनेक घरांत येत आहेत. बारमाही अनियमित कमाईच्या घरात महिन्याला येणारी कदाचित हीच एक रक्कम. ती नव्या हप्त्याला बांधून टाकायचा मोह होतो. टाळा. दहा महिने हातही न लावता ठेवली, तर तेच पंधरा हजार होतात, जे वरच्या हिशेबात जूनला लागले होते.

यंदा पट्टा पडेल, हिशेब होईल, चार पैसे हाती येतील. सावकाराचं दार दिसण्याआधी पोस्टाचं दार गाठा, जूनचे पैसे तिथे ठेवा, आणि मगच कर्ज फेडायला निघा.