प्रेशर वॉशर घेताय? आधी बादली आणि घड्याळ घ्या

(ऑडिओ भागाचं हे लेखी रूप. बोलताना आलेले जादा "म्हणजे" आणि "तर" काढलेत, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

कानात इअरफोन, हातात फोन, आणि त्या फोनवर कुठल्यातरी सेलमध्ये प्रेशर वॉशर कार्टला टाकून ठेवलाय, असे बरेच जण आज ऐकत असणार. मागच्या भागानंतर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न हाच होता, "घरासाठी कुठला घेऊ?"

माझ्याकडे याचं उत्तर आहे, कारण मी आधी चुकीचा घेतलाय.

आमचं घर चिपळूणजवळ. मी नोकरीला पुण्यात, आई-बाबा गावी. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यामुळे जुलैपासून अंगण आणि पायऱ्यांवर शेवाळ असतंच. गेल्या ऑगस्टमध्ये बाबा त्याच पायऱ्यांवरून घसरले. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. मी इकडे लॅपटॉपसमोर बसून काय करणार? त्याच रात्री ऑनलाइन वॉशर मागवला. फिल्टर एकच लावला होता: बजेटमध्ये सगळ्यात जास्त "बार" कोणाचे?

शनिवारी गावी जाऊन मशीन लावलं. ते धाप लागल्यासारखं थांबत थांबत पाणी फेकत होतं. शेवाळ निघेना म्हणून मी नोझल जवळ नेलं, तर शेवाळाबरोबर जांभ्याच्या चिऱ्याचा थरही उडाला. आई म्हणाली, "अरे, पायरी धुतोयस की खोदतोयस?"

बीटेक केलेल्या माणसाला हे लागलं. मग जे गणित आधी करायला हवं होतं, ते नंतर केलं. आज तेच सांगतो.

पेटीवरचा मोठा आकडा

बार म्हणजे दाबाचं माप. कारच्या टायरमध्ये साधारण ३० ते ३३ पीएसआय हवा असते, म्हणजे दोन बारच्या जरा वर. वॉशर १०० बारच्या आसपास जातो. आकडा जबरदस्त वाटतो, म्हणून तोच पेटीवर मोठ्या अक्षरात छापतात.

पण घाण निघते ती दोन गोष्टींनी. दाब घाण सोडवतो, आणि पाण्याचा प्रवाह, म्हणजे मिनिटाला किती लिटर, ती वाहून नेतो. दाब भरपूर आणि पाणी कमी असेल, तर चिखल नुसता इकडचा तिकडे होतो.

आता हे सूत्र फोनमध्ये लिहून ठेवा:

बार × लिटर प्रति मिनिट ÷ ६०० = पाण्याला मिळालेली ताकद, किलोवॉटमध्ये.

माझ्या पेटीवर होतं १५० बार, ८ लिटर प्रति मिनिट, मोटर १५०० वॉट. १५० गुणिले ८ म्हणजे १२००, भागिले ६००, उत्तर २ किलोवॉट. म्हणजे मशीन वीज घेतं दीड किलोवॉट आणि पाण्याला देतं दोन! असं खरंच होत असतं, तर आमच्या शेजारच्या पोफळीचं वीजघर बंद करून तिथे वॉशरच लावले असते.

कंपनी खोटं लिहिते असंही नाही. "मॅक्स" दाब आणि "मॅक्स" प्रवाह हे दोन वेगवेगळ्या वेळचे आकडे असतात, एकाच वेळी दोन्ही मिळत नाहीत. मोटर आणि पंपात काही ताकद वाया जाते. १५०० वॉटच्या मशीनमधून पाण्यापर्यंत साधारण १ किलोवॉट पोचली, तरी चांगलं म्हणायचं. १ किलोवॉट म्हणजे १०० बार आणि ६ लिटर प्रति मिनिट. आणि घरातल्या कामाला तेवढं पुरतं.

म्हणून माहितीपत्रकात "रेटेड" किंवा "वर्किंग" प्रेशर शोधा, आणि त्याच ओळीतला रेटेड फ्लो बघा. हे दोन्ही आकडे दिलेलेच नसतील, तर ते मशीन यादीतून काढा.

तुमच्या नळाला विचारा

ही पायरी मी पूर्ण गाळली होती.

वॉशर पाणी तयार करत नाही. मिनिटाला ६ लिटर फेकायचे तर नळातून ६ लिटरपेक्षा जास्तच यायला हवेत. आपल्याकडे पाणी येतं गच्चीवरच्या टाकीतून. दहा मीटर उंचीला एक बार, हा हिशेब. टाकी नळापासून चार मीटर वर असेल, तर दाब जेमतेम ०.४ बार. त्यात जुनी, क्षार साठलेली पाइपलाइन.

परीक्षा सोपी आहे. १५ लिटरची बादली नळाखाली ठेवा, फोनवर स्टॉपवॉच लावा. दीड मिनिटात भरली तर १० लिटर प्रति मिनिट, छान. आमच्या अंगणातल्या नळाला तीन मिनिटं लागली. म्हणजे मिनिटाला ५ लिटर. मशीनला धाप का लागत होती ते तेव्हा कळलं. पंपाला पुरेसं पाणी मिळालं नाही की आत बुडबुडे होतात, खडखड आवाज येतो आणि हळूहळू सील आणि व्हॉल्व्ह खराब होतात.

यावर उपाय म्हणजे "सेल्फ सक्शन" असलेलं मशीन, जे पिंपातून स्वतः पाणी ओढतं. २०० लिटरचं पिंप ६ लिटरच्या हिशेबाने अर्धा तास पुरतं. पिंप मशीनच्या जवळ ठेवा, पाइपच्या टोकाला जाळी लावा, आणि सुरू करण्याआधी पाइप पाण्याने भरून घ्या. कोरडा पंप चालवायचा नाही.

मोटर, सॉकेट, वायर

स्वस्त आणि हलक्या मशीनमध्ये सहसा युनिव्हर्सल मोटर असते, आपल्या मिक्सरमध्ये असते तीच जात. आवाज मोठा, कार्बन ब्रश झिजतात, आणि मधे मधे विश्रांती द्यावी लागते. इंडक्शन मोटर जड आणि महाग, पण आवाज कमी आणि आयुष्य जास्त. महिन्यातून एकदा बाइक आणि पावसाळ्यात अंगण, एवढंच काम असेल तर युनिव्हर्सल पुरे. रोज दोन गाड्या धुणार असाल तर इंडक्शन.

विजेचं मात्र हलक्यात घेऊ नका. १५०० वॉट भागिले २३० व्होल्ट म्हणजे साडेसहा अँपिअर. टीव्हीच्या ६ अँपिअरच्या सॉकेटचं हे काम नाही, १६ अँपिअरचं पॉवर सॉकेट हवं. एक्स्टेन्शन लागलीच तर २.५ चौरस मिलिमीटरची वायर घ्या, गुंडाळी पूर्ण उलगडा आणि जोड पाण्यापासून लांब ठेवा. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी नसेल, तर आधी तो बसवून घ्या आणि मग वॉशर. पाणी, वीज आणि ओल्या चपला हे त्रिकूट फार वाईट आहे.

मशीन कोण चालवणार?

हा प्रश्न कुठल्याच रिव्ह्यूमध्ये नसतो. आमच्याकडे मशीन चालवणार होती आई, वय ५६. १०० बारला पाणी नोझलमधून ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास वेगाने बाहेर पडतं, आणि गन साधारण दीड किलोच्या जोराने मागे ढकलते. ऐकायला कमी वाटतं. ओल्या पायरीवर उभं राहून ट्रिगर अचानक दाबला, की तेवढ्यानेही तोल जातो. म्हणून चाकं, लांब होज, आणि ट्रिगर सोडला की बंद होणारी मोटर या गोष्टी मी शंभर बारच्या पुढच्या प्रत्येक बारपेक्षा वर ठेवतो.

नोझलचंही तेच. शून्य अंशाची सरळ धार व्हिडिओत भारी दिसते, घरात फारशी कामाची नाही. २५ किंवा ४० अंशाचा पसरट फवारा घ्या आणि निदान एक फूट अंतर ठेवा. जांभा, टाइल्सच्या फटी, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, टायरची बाजू, बाइकची चेन, बेअरिंग आणि वायरिंग यांच्यावर जवळून धार नको. आणि माणसावर किंवा प्राण्यावर गंमत म्हणूनही नाही. ही धार कातडी फोडून आत जाते. बाहेरून बारीक भोक दिसतं, आत मोठी इजा असते. असं झालं तर घरी मलम लावत बसू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

घ्यायलाच हवा का?

आता थोडं कटू. फ्लॅटमध्ये राहता, एकच बाइक आहे, सोसायटी पार्किंगमध्ये गाडी धुवू देत नाही? मग घेऊ नका. पाणी वाचतं म्हणतात, ते धो-धो सोडलेल्या पाइपशी तुलना केली तर खरं. दोन बादल्यांत बाइक धुणारा ३० लिटर वापरतो, वॉशरचा ट्रिगर दहा मिनिटं दाबला तर ६० लिटर जातात.

आणि शेवाळाबद्दल. वॉशर ते काढतो, पण पुन्हा येणं थांबवत नाही. ओल आणि सावली आहे तोवर ते येणारच. आमच्याकडे आता असं ठरलंय: पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी वॉशर, वरच्या पायरीपासून खाली, म्हणजे उभं राहायला धुतलेली पायरी मिळते. मधल्या दिवसांत ब्लीचिंग पावडरचं पाणी आणि खराटा. ते पाणी विहिरीकडे जाऊ द्यायचं नाही, आणि त्यात टॉयलेट क्लीनरचं अॅसिड कधीच मिसळायचं नाही, क्लोरीन वायू तयार होतो.

पहिलं मशीन मी परत केलं. दुसरं घेतलं ते रेटेड १०० बार, ६ लिटर, सेल्फ सक्शन, चाकांचं. पेटीवरचा आकडा लहान, पण पायऱ्या स्वच्छ. त्याच महिन्यात पायऱ्यांच्या कडेला लोखंडी कठडाही बसवला. खरं सांगू? खर्च जवळपास तेवढाच आला, आणि बाबांना रोज उपयोग होतो तो कठड्याचा.

तर कार्ट उघडण्याआधी बादली भरायला किती वेळ लागतो ते मोजा, आणि आकडा मला कळवा. पुढच्या भागात तुमच्याच नळांचा हिशेब मांडू. तोवर जपून चाला, पाऊस आहे.