जुन्या मोटारसायकलीला स्पोर्टबाइकचे पुढील फोर्क : भूमिती, भार आणि कायदा

प्रस्तावना

यामाहा आरएक्स १०० ही मोटारसायकल भारतात १९८५ ते १९९६ या काळात तयार झाली. ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसरात ती आजही जिव्हाळ्याने जपली जाते. अशा जुन्या गाडीला स्पोर्टबाइकचे, विशेषतः 'उलटे' म्हणून ओळखले जाणारे, पुढील फोर्क बसविण्याची हौस अनेक तरुणांना असते. गाडी देखणी होते, हे मान्य केले पाहिजे. तथापि लेथवर सोपा वाटणारा हा बदल रस्त्यावर तितका सोपा राहत नाही. त्यामागील कारणांचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

जोडणी

उलट्या फोर्कमध्ये जाड बाह्यनळी वरच्या बाजूस असते. फोर्कवर वाकविणारा ताण सर्वाधिक असतो तो खालच्या 'टी'पाशी, आणि नेमकी तेथेच जाड नळी येत असल्याने रचना ताठ होते. जोडणीत सामान्यतः नव्या फोर्कच्या दोन्ही 'टी' कायम ठेवून मधला दांडा बदलतात, अथवा जुन्या चौकटीच्या कोन सेटला जुळणारा दांडा लेथवर घडवितात. त्यापाठोपाठ चाक, आस, डिस्क ब्रेक व मडगार्ड बदलणे ओघाने आलेच. पुढच्या हबवरून चालणाऱ्या स्पीडोमीटरचीही निराळी सोय करावी लागते. इथवरचे काम कुशल कारागीर चोख करू शकतो.

ट्रेलचा प्रश्न

स्टिअरिंगचा अक्ष जमिनीपर्यंत वाढविला असता तो टायरच्या स्पर्शबिंदूच्या पुढे पडतो. या दोन बिंदूंमधील अंतर म्हणजे ट्रेल होय. चाकाची त्रिज्या, अक्षाचा उभ्या रेषेशी होणारा कोन आणि चाकाच्या आसाचे त्या अक्षापासूनचे लंबांतर यांवर ते ठरते. त्रिज्येला कोनाच्या साइनने गुणावे, त्यातून लंबांतर वजा करावे व बाकीला कोसाइनने भागावे.

केवळ उदाहरणादाखल त्रिज्या ३०० मिमी, कोन २७ अंश व लंबांतर ६० मिमी मानल्यास ट्रेल सुमारे ८५ मिमी येतो. स्पोर्टबाइकच्या 'टी'मध्ये हे लंबांतर बहुधा बरेच कमी असते. ते ३० मिमी धरल्यास ट्रेल ११९ मिमीवर जातो. फोर्क आखूड असल्याने गाडीचा पुढील भाग ४० मिमी खाली आला, तर चाकांमधील अंतर १२५० मिमी धरता कोन सुमारे पावणेदोन अंशांनी घटतो आणि ट्रेल १०८ मिमीपर्यंत उतरतो. म्हणजे एक बदल दुसऱ्याची अंशतः भरपाई करतो, पूर्ण नव्हे. वाढलेल्या ट्रेलमुळे सरळ मार्गावर गाडी स्थिर भासते. मात्र स्थानकाबाहेरच्या गर्दीत हँडल जड जाते. शिवाय खाली आलेला सायलेन्सर गतिरोधकाला घासतो, तो निराळाच.

भार

आरएक्स १०० चे वजन जेमतेम १०० किलोच्या आसपास आहे. दीडशे-दोनशे किलोच्या गाडीसाठी केलेली स्प्रिंग तिच्याखाली पुरेशी दबत नाही आणि खड्ड्यात चाक रस्ता सोडते. २०१८ च्या पावसाळ्यात कल्याणमध्ये खड्ड्यांमुळे दुचाकीवरून पडून बळी गेले. अशा रस्त्यांवर ताठ फोर्क हा गुण ठरत नाही. त्यातच डिस्क ब्रेकचा जोर चौकटीच्या डोक्याशी असलेल्या जुन्या वेल्डवर येतो. तेथील रंगाला बारीक तडा दिसल्यास गाडी चालवू नये.

कायदा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलास प्रतिबंध करते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या तरतुदीचा कठोर अर्थ कायम केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ(४) नुसार सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलास पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. फोर्कची नोंद पुस्तिकेत नसते, हा युक्तिवाद टिकाऊ नाही. चाकांमधील अंतराची नोंद असते आणि वरील उदाहरणात ते काही सेंटिमीटरने घटते. मग गाडी एमएच-०४ ची असो वा एमएच-०५ ची.

रोजच्या वापराच्या गाडीसाठी मूळ फोर्कच्या नळ्या सरळ आहेत का हे तपासून नवे सील, योग्य प्रतीचे तेल व नवा कोन सेट घालणे प्रस्तुत लेखकास अधिक श्रेयस्कर वाटते. बदललेली गाडी महाविद्यालयाच्या कार्यशाळेत अभ्यासासाठी उपलब्ध असेल, तर ती सरळ उभी करून आसातून ओळंबा सोडावा आणि स्टिअरिंगच्या अक्षाला समांतर धरलेल्या दोरीने जमिनीवर दुसरी खूण करावी. दोन खुणांमधील अंतर पट्टीने मोजले की विद्यार्थ्याला ट्रेल प्रत्यक्ष दिसतो.