धूर नसलेला विस्तव

भंडारा जिल्ह्यात कडाक्याची थंडी फार दिवस टिकत नाही. पण डिसेंबर-जानेवारीत पारा 10 अंशांच्या खाली गेला की वैनगंगेकाठची आणि साकोली-लाखांदूरकडची गावं रात्री गारठून जातात. अशा वेळी शेकोटीत उरलेले निखारे घमेल्यात भरून झोपायच्या खोलीत ठेवायचे आणि दार लावून घ्यायचं, ही जुनी युक्ती. त्यामागचा समज साधा आहे: धूर डोळ्यांना झोंबतो म्हणून तो वाईट, निखाऱ्याला धूर नाही म्हणून तो बिनधोक. लाकडाच्या उबेबद्दलचे बरेचसे गैरसमज इथूनच निघतात. धूर म्हणजे पुरतं न जळालेलं लाकूड. तो खोकला आणतो आणि माणसाला बाहेर तरी हाकलतो. निखाऱ्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साईडला ना रंग, ना वास. धगधगत्या निखाऱ्यांवर निळसर ज्योत नाचताना दिसते, तो हाच वायू जळत असतो. निखाऱ्यांवर राख धरून ती ज्योत विझली की तो न जळताच खोलीत साठू लागतो. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा 200 हून अधिक पटींनी घट्ट धरून ठेवतं. जाग्या माणसाचं डोकं जड होतं, मळमळतं. झोपलेल्याला तेवढीही सूचना मिळत नाही. शेजारी पाण्याचं भांडं ठेवून उपयोग नाही, कारण हा वायू पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही.

यावर हमखास येणारं उत्तर असं, की वाडवडील असेच झोपत आले, त्यांना कुठे काय झालं? उत्तर अगदीच चुकीचं नाही. मातीच्या भिंती आणि वर कवेलू असलेल्या घरात हवा सतत फिरत असते. कवेलूंच्या फटींतून ऊब जाते, तसा वायूही जातो. आता घरकुलं झाली, स्लॅब पडले, खिडक्यांना काचा बसल्या. सवय तीच राहिली, घर मात्र बदललं. शिवाय कवेलूच्या घरातही स्वयंपाकघराचं आढं काजळीने काळं पडलेलं असतं. त्या धुराने तिथे जन्मभर रांधणाऱ्या बायकांच्या फुप्फुसांचं काय केलं, याची नोंद कोणी ठेवली होती?

दुसरा समज, सुधारित चूल आणली की प्रश्न मिटला. 1980 च्या दशकात केंद्र सरकारने राष्ट्रीय सुधारित चूल कार्यक्रम हाती घेतला आणि 2002 मध्ये तो थांबेपर्यंत देशात साडेतीन कोटींच्या आसपास चुली वाटल्या. नंतर रेमा हॅना, एस्थर डुफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन या अर्थशास्त्रज्ञांनी ओडिशाच्या खेड्यांत अशा चुलींचा काही वर्षं माग काढला. पहिल्या वर्षी श्वासातून आत जाणारा धूर कमी झाला, पुढे तो फायदा विरला. चुलीची धुराची नळी तुंबली, चुलीला तडे गेले, डागडुजी झाली नाही आणि वापरही अधूनमधूनच राहिला. मग चूल निरुपयोगी का? नाही. धुराची नळी नेमाने साफ होत असेल तरच ती ‘निर्धूर’ असते, एवढाच त्याचा अर्थ. 2016 पासून उज्ज्वला योजनेचा गॅसही घरोघरी आला, पण गॅसवर भाजी शिजते, अंग शेकत नाही. म्हणून हिवाळ्यात चूल आणि बंब पुन्हा पेटतात.

ओलं जळतण सावकाश जळतं म्हणून ते पुरवठ्याला येतं, हाही एक लाडका हिशेब. निम्मं पाणी असलेल्या एक किलो ओंडक्यात खरं लाकूड अर्धा किलो. त्यातून साधारण सव्वादोन हजार किलोकॅलरी मिळायला हव्यात. अर्धा लिटर पाण्याची वाफ करण्यात त्यातल्या तीनशेच्या आसपास जातात. हे नुकसान तसं परवडण्यासारखं. खरं नुकसान पुढे आहे: त्या वाफेने ज्योत थंड पडते, लाकडातले वायू न जळता धूर होऊन निघून जातात आणि नळीत डांबरासारखा चिकटा धरतो. तोच पुढे पेट घेतो. इंग्लंडमध्ये 20 टक्क्यांहून जास्त ओलावा असलेल्या लाकडाची किरकोळ विक्री 2021 पासून बंद केली, ती या धुरामुळेच. ओलावा ओळखायला आपल्याला यंत्र नको. पावसाळ्याआधी फोडून आडोशाला रचलेल्या दोन फाकांची टोकं एकमेकांवर आपटा. वाळलेल्या खणखणतात, ओल्या बद्द वाजतात.

राहिली युरोपातली लोखंडी, काचेच्या दाराची बंद शेगडी. तिथे धूर खोलीत येत नाही, नळीवाटे छपराच्या वर जातो, आणि लाकडातली 70-80 टक्के उष्णता खोलीला मिळते. उघड्या चुलीत भांड्याला 10 टक्क्यांच्या आसपासच मिळते, पण भांडं आणि खोली यांची तुलना सरळ होत नाही, हे जाहिरातींत कोणी सांगत नाही. भंडाऱ्यात अशी शेगडी बसवावी का? कवेलूच्या घरात ऊब वरूनच निघून जाईल. स्लॅबच्या घरात ती काम करील, पण महिना-दीड महिन्याच्या थंडीसाठी स्लॅबला भोक पाडून नळी वर काढायची आणि दरवर्षी ती खरवडायची, हा खटाटोप मला पटत नाही. तेवढ्या पैशात घरातल्या सगळ्यांना दोन-दोन जाड रजया येतात आणि शेकोटी अंगणातच राहू शकते.