आकडीची वही

गंगापूर रस्त्यावरील आमच्या घरी देवघराशेजारच्या कोनाड्यात, पंचांगाच्या खाली, जाड पुठ्ठ्याची एक वही असते आणि तिला सुतळीने एक शिसपेन्सिल बांधलेली असते. तारीख, आरंभाची वेळ, आरंभ कोणत्या अवयवापासून, अवधी, शुद्ध होती की नव्हती, मागाहून काय राहिले, आदल्या रात्रीची झोप आणि गोळीचा तपशील, असे आठ रकाने आईने पट्टी धरून आखले आहेत. तिची उभी हयात तहसील कचेरीत दफ्तर राखण्यात गेली. ज्या घटनेची नोंद नाही तिच्यावर कोणताही हुकूम होऊ शकत नाही, ही तिथली शिस्त तिने घरी आणली, आणि माझ्या थोरल्या भावाच्या आजारात ती आम्हांला औषधाइतकीच उपयोगी पडली.

दादाच्या मेंदूच्या उजव्या भागात वाढलेली गाठ परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात काढली गेली, आणि त्यानंतर सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, किरणोपचार झाले. कसाऱ्याचा घाट चढून पंचवटी एक्स्प्रेसने तो परतला त्या रात्री आईने त्याच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, आणि ज्या आकडीने गाठीची पहिली वर्दी दिली होती ती गाठीबरोबरच गेली, असे आम्ही सर्वांनी मनाशी धरले. सतराव्या दिवशी ती परत आली. गाठ काढली तरी व्रण राहतो, त्या व्रणाच्या काठावरील पेशी मधूनच ताल सोडून एकदम विद्युत्संदेश सोडू लागतात, किरणोपचारानंतरची सूजही त्यास कारण होऊ शकते, आणि म्हणून आकडी आली की गाठ परतलीच असे समजू नये, मात्र तिची संख्या किंवा रूप बदलले तर विनाविलंब कळवावे, असे डॉक्टरांनी समजावून सांगितले. तो सारा मजकूर आईने वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतला.

दादाच्या आकडीला ठरलेला क्रम आहे. प्रथम डाव्या हाताचा अंगठा आपसूक आत वळतो; मग बोटे, मनगट, कोपर असा तो कंप पायरीपायरीने चढत गालापर्यंत पोहोचतो आणि ओठाचा कोपरा डावीकडे ओढला जातो. इतक्यावर थांबले तर दादा शुद्धीवर असतो आणि आपल्याच हाताकडे, परक्याची वस्तू न्याहाळावी तसा, पाहत राहतो. पुढे गेले तर डोळे वर फिरतात, घशातून एक लांब आवाज निघतो आणि सारे शरीर ताठ होते. एकोणिसाव्या शतकात लंडनच्या जॉन ह्यूलिंग्स जॅक्सन या वैद्याने नेमका हा चढता क्रम रुग्णांच्या उशाशी बसून टिपला, आणि शरीराच्या निरनिराळ्या भागांची स्थाने मेंदूच्या पृष्ठावर वेगवेगळी असली पाहिजेत असे अनुमान केवळ त्या निरीक्षणावरून बांधले. 1870 साली फ्रिट्श आणि हिट्झिग या जर्मन संशोधकांनी कुत्र्याच्या मेंदूस विजेचा स्पर्श करून त्याला प्रयोगाचा आधार दिला. मेंदूच्या आत पाहण्याचे कोणतेही यंत्र जॅक्सनपाशी नव्हते. होती ती पाहण्याची चिकाटी. हे वाचल्यापासून आईच्या तिसऱ्या रकान्याकडे मी निराळ्या आदराने पाहू लागलो.

आकडीच्या वेळी करावयाचे काम थोडे आहे आणि न करावयाचे पुष्कळ. प्रथम घड्याळ पाहावे. मग जवळची भांडी, खुर्ची दूर सारावी, डोक्याखाली घडी केलेले पांघरूण द्यावे, गळ्याजवळची गुंडी सोडावी, आणि झटक्यांचा जोर ओसरताच रुग्णाला कुशीवर वळवावे, म्हणजे लाळ श्वासनलिकेत उतरत नाही. हातपाय दाबून धरू नयेत. दातांत चमचा, तोंडात पाणी, काहीही घालू नये. पाच मिनिटे उलटली तर डॉक्टरांनी लिहून दिलेला मिडाझोलमचा फवारा नाकात मारावा आणि 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. तोवर शेजारी बसून खांद्यावर हात ठेवायचा आणि पाहत राहायचे, एवढेच उरते. आणि ज्याच्यावर आपला जीव आहे त्याचे शरीर असे हिसके देत असता नुसते पाहत राहणे याहून कठीण काम मी आयुष्यात केलेले नाही.

एका बुधवारी गोदाकाठच्या बाजारात दादा भाजीच्या पालांमध्येच कोसळला. भोवती गर्दी जमली. कोणी किल्ल्यांचा जुडगा पुढे केला, कोणी चप्पल हुंगवावी म्हणाले, आणि कांद्याच्या ढिगामागे बसलेली एक वृद्धा फोडलेला कांदा घेऊन धावत आली. "मावशी, नाकाशी काही नको, सावली धरा," एवढेच मी म्हणालो. तिने कांदा टाकला, आपली मोठी काळी छत्री दादाच्या तोंडावर धरली, दुसऱ्या हाताने रिकामे पोते त्याच्या डोक्याखाली सारले आणि गर्दीला मागे हटवले. दोन मिनिटे दहा सेकंदांनी हिसके थांबले. पुढे अर्धा तास दादाचा डावा हात लुळा होता. आकडीनंतर अशी तात्पुरती दुर्बलता येते हे ठाऊक असूनही त्या अर्ध्या तासाचा प्रत्येक क्षण मला आठवतो, आणि ऊन मोठे असूनही शेवटपर्यंत न हललेली ती छत्रीही आठवते.

आकडी येते ती काही मिनिटे. तिच्या बंदोबस्ताचे काम मात्र आठही प्रहर चालते. सकाळी आठ आणि रात्री आठ ही लेव्हेटिरॅसिटॅमच्या गोळीची वेळ एकादशीलाही टळत नाही, कारण गोळी एकाएकी चुकली वा बंद केली तर आकड्यांची मालिकाच लागू शकते. या औषधाने स्वभाव कधी कधी चिडखोर होतो; दादाच्या बोलण्यातील अनोळखी कडवटपणा औषधाचा असावा हे वहीतील तारखा जुळवल्यावरच ध्यानात आले, आणि डॉक्टरांनी मात्रेत फेरबदल केला. मोठ्या सहा आकड्यांपैकी चारांच्या आदल्या रात्री झोप पाच तासांहून कमी होती, हेही वहीनेच दाखवले. तेव्हापासून कोजागरीचे दूधसुद्धा आमच्या घरी चंद्र उगवताच दिले जाते आणि दहाला दिवे मालवले जातात. स्कूटरची किल्ली दादाने आपण होऊन आईच्या हाती दिली. त्या दिवशी तो जेवला नाही.

आकडीभोवती लज्जेचे जे कुंपण आहे ते एकेकाळी कायद्यातही होते. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात 1976 च्या दुरुस्तीने वारंवार फेफरे येणाऱ्या व्यक्तीस विवाहाच्या अटींत अपात्र धरले होते. तो शब्द 1999 च्या दुरुस्तीने वगळला. लोकांच्या मनातून तो वगळण्याचे काम पुण्यात यशोदा वाकणकर यांच्या 'संवेदना'सारख्या संस्था रुग्णांना आणि कुटुंबीयांना एकत्र बसवून, मोकळेपणे बोलते करून, करीत आल्या आहेत. शेजाऱ्यांना आम्ही आता स्पष्ट सांगतो, आणि जिन्यातल्या मुलांनाही कुशीवर वळवणे येते.

आयुर्वेदाने या व्याधीस अपस्मार म्हटले ते स्मृती दुरावते म्हणून. आणि खरोखर, मोठ्या आकडीत काय घडते हे आमच्या घरात एकट्या दादालाच ठाऊक नव्हते. गेल्या आषाढात एका दुपारी त्याने वही मागितली, पहिल्या पानापासून अखेरपर्यंत एका बैठकीत वाचली आणि बराच वेळ बोलला नाही. मग पट्टी घेऊन त्याने नववा रकाना आखला आणि शेवटच्या नोंदीसमोर लिहिले: "अंगठा वळण्याआधी मुंग्या येतात. नंतर तुमचे आवाज येतात, शब्द कळत नाहीत. खांद्यावरचा हात बराच वेळ कळतो."

आता मुंग्या येताच तो स्वतःच जमिनीवर बसतो आणि आम्हांला हाक मारतो. त्या दिवशी आईने त्याचा मजकूर दोनदा वाचला, आणि खाली नेहमीप्रमाणे तारीख घातली.