स्त्रियांची उमेदवारी आणि आपली घरे

स्वतंत्र भारताच्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीची मतदारयादी सिद्ध होत होती, त्या वेळची एक हकीकत प्रसिद्ध आहे. यादी करणारे लोक दारोदार जात, तेव्हा अनेक स्त्रिया आपले नाव सांगावयास तयार होईनात. कोणी ‘अमक्याची आई’, कोणी ‘तमक्याची पत्नी’, एवढेच सांगून आत जाई. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी चालावयाच्या नाहीत असे ठरविले, आणि देशातील सुमारे ८ कोटी स्त्रीमतदारांपैकी जवळजवळ २८ लक्ष स्त्रियांची नावे वगळली गेली. त्या बहुतांशी उत्तरेकडील प्रांतांतल्या होत्या, हे वाचून आमच्या वाचकांस थोडे समाधान वाटेल. परंतु तांदळात सुनेचे नवे नाव लिहिण्याची चाल आपल्याच घरांतली! कल्याणच्या जोश्यांची यमुना लग्नानंतर आनंदी झाली, आणि १८८६ साली अमेरिकेत वैद्यकीची पदवी घेऊन तिने त्या दिलेल्या नावाचे सार्थक केले. मताचा हक्क मात्र तिच्या वाट्यास आला नाही. मुंबई इलाख्यात स्त्रियांस तो मिळाला १९२१ साली, तोही मिळकतीच्या अटीवर.

१९५२ च्या पहिल्या लोकसभेत पुण्याहून इंदिराबाई मायदेव, नागपुराहून अनसूयाबाई काळे व मुंबईच्या उपनगरांतून जयश्रीबाई रायजी निवडून गेल्या. १९७७ साली मृणालताई गोरे आणि अहिल्याबाई रांगणेकर या दोघीही मुंबईतूनच लोकसभेत गेल्या. पाण्यासाठी हंडे घेऊन आणि महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर आलेल्या बायकांचे पाठबळ त्यांस होते. स्वयंपाकघरातील वस्तू राजकारणात एवढ्या कामी येतील, असे तोवर कोणास वाटले नव्हते.

आता आपल्या ठाण्याकडे वळू. त्याच १९७७ सालापासून ठाणे मतदारसंघाने रामभाऊ म्हाळगी, प्रा. राम कापसे, प्रकाश परांजपे असे खासदार दिले. त्यांच्या योग्यतेविषयी येथे काही म्हणावयाचे नाही. त्या यादीत एकही स्त्री नाही, एवढेच दाखवावयाचे आहे. मतदारसंघांच्या फेररचनेनंतर २००९ मध्ये कल्याणचा स्वतंत्र मतदारसंघ झाला आणि २०२४ पर्यंत तेथे चार वेळा मतदान झाले. चारही वेळा पुरुषच निवडून आले. श्रीमती वैशाली दरेकर-राणे या दोनदा उभ्या राहिल्या. २००९ मध्ये महाराष्ट्र नवनिर्माण सेनेतर्फे त्यांस लाखाच्या घरात मते पडली, आणि २०२४ मध्ये शिवसेनेच्या उद्धव ठाकरे गटातर्फे पावणेचार लाखांहून अधिक. दोन्ही वेळा त्या पराभूत झाल्या. कोणत्याही पक्षाची भलामण करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु पंधरा वर्षांनी पुन्हा त्याच रणात उतरण्यास जे धैर्य लागते, त्याची नोंद पक्षभेद विसरून व्हावयास हवी.

स्त्रीस मत पडत नाही असे म्हणावे, तर ते खरे नाही. बेलापूरहून मंदाताई म्हात्रे २०१४ पासून लागोपाठ तीनदा विधानसभेवर गेल्या, आणि बेलापूर ठाणे लोकसभेतच मोडते. कल्याण पूर्वेतून २०२४ मध्ये सुलभा गायकवाड निवडून आल्या. ठाण्याच्या महापौरपदी २०१७ साली मीनाक्षी शिंदे आल्या, कल्याण-डोंबिवलीच्या महापौरपदी २०१८ साली विनिता राणे. म्हणजे अडते ते मतपेटीपाशी नव्हे, त्याच्या आधी. २०२४ च्या लोकसभेस देशात ८,३६० उमेदवार उभे होते आणि त्यांत स्त्रिया सुमारे ८००. निवडून आल्या ७४, त्यांपैकी महाराष्ट्राच्या ७. पक्षाची उमेदवारी कोणास मिळते, आणि मोठ्या राज्यांत ९५ लक्ष रुपयांपर्यंत कायदेशीर मुभा असलेला खर्च कोण करू शकतो, हे ठरते त्या बैठकांत स्त्रिया नसतात.

१९९६ साली प्रथम मांडलेले आरक्षणाचे विधेयक सत्तावीस वर्षांनी, २०२३ च्या सप्टेंबरात, लोकसभेत ४५४ विरुद्ध २ मतांनी संमत झाले. एक तृतीयांश जागा स्त्रियांस राखून ठेवावयाच्या, मात्र त्या जनगणना व मतदारसंघांची फेररचना झाल्यानंतर, असे त्यात लिहिले. उद्या ठाणे किंवा कल्याण राखीव झालेच, तर उभे कोणी राहावयाचे? नगरपालिकांचा अनुभव असा की, जागा बायकोची आणि फलकावर छायाचित्र नवऱ्याचे मोठे!

येथे आम्हांस स्वतःची एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. वर्गात आम्ही बृहदारण्यकातील गार्गीची कथा वर्षानुवर्षे मोठ्या अभिमानाने शिकविली. जनकाच्या सभेत ती याज्ञवल्क्यास एकामागून एक प्रश्न विचारीत जाते, तेव्हा तो तिला म्हणतो की याहून पुढे विचारू नकोस, नाहीतर मस्तक गळून पडेल. ती गप्प बसते. पण पुढे सभेची अनुज्ञा घेऊन ती पुन्हा उठते आणि आणखी दोन प्रश्न विचारते. हा दुसरा भाग मुलींस फार आवडे.

त्यांतलीच एक विद्यार्थिनी डोंबिवलीत नांदत होती. २०१५ साली महापालिकेच्या निवडणुकीत तिचा प्रभाग स्त्रियांस राखीव झाला आणि एका पक्षाचे लोक तिच्याकडे आले. तिची इच्छा होती. सासरे आमच्याकडे सल्ल्यास आले, कारण घरात आमच्या शब्दास मान. आम्ही म्हणालो, “संसार सांभाळून हे होईल का, ते पाहावे.” आमचे किती तरी विद्यार्थी आजवर निवडणुकांस उभे राहिले. त्यांपैकी एकाही मुलास आम्ही हा प्रश्न विचारला नव्हता, हे त्या वेळी ध्यानातही आले नाही. पुढच्या खेपेस पाहू, असे सासरे म्हणाले आणि विषय संपला.

ती पुढची खेप २०२० मध्ये यावयाची होती. महापालिकेची मुदत संपली, परंतु निवडणूक लांबत लांबत गेली आणि मध्ये दहा वर्षे निघून गेली. त्या अवधीत एकदा गुरुपौर्णिमेस ती आली असता आमचा सल्ला चुकला होता, असे आम्ही तिला सांगितले. ती म्हणाली, “सर, हे तुम्ही मामंजींना सांगा.” आम्ही गेलो. मामंजींनी सारे ऐकून घेतले, सुनेला चहा ठेवावयास सांगितले, आणि मग स्वतःच उठून आत जाऊन म्हणाले, “राहू दे, चहा मी पाहतो. तू बाहेर येऊन बस.”